पल्टनीतून दमा घेऊन आलो

मला पहिल्यांदा धाप लागली ती पळताना नाही. पळण्यात मी कधी मागे नव्हतो. धाप लागली ती स्टोअरमध्ये, बसल्या जागी, हिवाळी कांबळी मोजताना.

आमची पल्टन तेव्हा उत्तरेकडच्या एका छावणीत होती. थंडी सुरू व्हायच्या आधी वर्षभर बांधून ठेवलेले कांबळ्यांचे गठ्ठे सोडायचे, झटकायचे आणि जवानांना वाटायचे, असं काम असतं. मी नाईक होतो आणि स्टोअर माझ्याकडं होतं. गठ्ठे सोडले तशी खोलीभर धूळ उठली. आधी शिंका आल्या. मग गळ्याखालच्या खळग्यात कुणीतरी अंगठा दाबून धरावा तसं झालं. बाहेर येऊन भिंतीला टेकलो. लोकांना वाटतं, दम्यात श्वास घेता येत नाही. माझं उलटं होतं. घेतलेला श्वास सुटत नव्हता, आणि जुना सुटल्याशिवाय नव्याला जागा नव्हती. छातीतून मांजराची पिल्लं ओरडल्यासारखा आवाज येत होता.

सोबतचा शिपाई म्हणाला, "नाईकसाहेब, पेटी कोण वाजवतंय?"

मी हसलो असतो, पण हसायलाही वारा लागतो.

साताऱ्यात आता ज्या डॉक्टरांकडं मी जातो, ते एकदा म्हणाले, "मारुतराव, नवा पेशंट आला की मी त्याला गोळ्या सांगतो. पण तो घाबरलेला असतो, त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा." म्हणून लिहायला बसलो. औषधाचं डॉक्टर सांगतील. माझं काय झालं एवढंच मी सांगतो.

कहाँ लगी?

त्या हिवाळ्यात लढाई झाली, एकाहत्तरची. पल्टन निघाली तेव्हा मी लष्करी दवाखान्यात कॉटवर होतो. तोवर धाप बऱ्याचदा येऊन गेली होती. स्टोअरचं काम काढून घेतलं होतं, दौड बंद केली होती.

निघायच्या आधी जगू भेटायला आला. साताऱ्याकडचा, माझ्याबरोबर भरती झालेला. कॉटच्या कडेवर टेकला आणि माझ्या पायावर थाप मारली.

"पड गड्या निवांत. आमी जाऊन येतो."

बाजाराला निघाल्यासारखं बोलला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. त्याच्या आईचं, नाहीतर गावाचं काहीतरी. पण त्या दिवशी दोन शब्दांच्या वर एका दमात निघत नव्हते. "नीट जा," म्हणालो. तो गेला. खिडकीतून गाड्या दिसल्या नाहीत, नुसता आवाज आला, आणि मग तोही लांब गेला. मी पोरवयापासून ज्या दिवसाची वाट बघितली होती तो दिवस मी उशीला पाठ लावून ऐकला.

पुढं जखमी यायला लागले. ज्यांना चालता येतं त्यांनी कॉट सोडावी असं सांगितलं, तशी मी सोडली. माझं अंथरूण व्हरांड्यात आलं. शेजारी हरियाणाकडचा एक तरुण जवान होता. त्याचा एक पाय घोट्याच्या वर संपत होता. शुद्धीवर आला तेव्हा माझ्याकडं मान वळवून त्यानं विचारलं, "भाई, कहाँ लगी?"

मी म्हणालो, "सीने में."

त्यानं पडल्या पडल्या हात कपाळाला लावून सलाम केला. गोळी नाही, दमा आहे, असं सांगायला पाहिजे होतं. पण तेवढं लांब वाक्य माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी माझ्या आजाराचं नाव मोठ्यानं घेतलं आणि ते त्यानं ऐकलं. तो रागावला नाही. दुपारी अर्धं संत्रं सोलून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाला, "हमारे दादाजी को भी था."

चांगल्या मनानं म्हणाला. मी संत्रं खाल्लं. पण ते वाक्य कितीतरी दिवस गेलं नाही. माझी तिशीही व्हायची होती.

पल्टन परत आली. जगूही सुखरूप आला. पण तोवर मेडिकल बोर्डानं मला नोकरीसाठी अयोग्य ठरवलं होतं. वर्दी जमा करताना स्टोअरच्या हवालदारानं पट्टा, टोपी, बूट एकेक मोजून घेतलं. ते काम मीच कितीदा केलं होतं. या बाजूला उभं राहिल्यावर ते फार लवकर संपतं, असं वाटलं.

सत्कार

आमचं गाव कडेगावच्या पुढं. घरटी एखादा तरी पल्टनीत आहे, नाहीतर होता. माझे वडील, आबा, जुन्या महायुद्धात परदेशात लढून आलेले. गावात कुणी भरतीला निघाला की आधी त्यांच्या पाया पडायचा.

मी घरी आलो त्या उन्हाळ्यात देवळापुढं मांडव घालून लढाईवरून आलेल्या जवानांचा सत्कार ठेवला होता. मी जाणार नव्हतो. आबा म्हणाले, "चल. दडून बसलास तर लोक आणिक बोलतील."

एकेकाचं नाव पुकारत होते. बायका ओवाळत होत्या. कुणाच्या हाताला पट्टी, कुणाच्या गालावर व्रण. शेवटी माझं नाव आलं आणि माइकवरचा माणूस अडखळला. "आणि आपले मारुतराव... जे तब्येतीच्या कारणानं..." टाळ्या वाजल्या, पण आधीच्यांसारख्या नाहीत. ज्या बाईनं मला ओवाळलं तिनं माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. वाईट हेतूनं नाही. कुठं काय झालंय ते शोधत होती.

घरी येताना आबा पुढं चालत राहिले. वाड्याच्या कोपऱ्यावर थांबले.

"दिसतोस तर धडधाकट. काय सांगू लोकास्नी?"

"दमा म्हणून सांगा."

"त्यो म्हाताऱ्यास्नी व्हतो रं."

मग बराच काळ आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नाही. खरं तर कुठल्याच विषयावर फारसं बोललो नाही.

बरा झालो असं वाटलं ते वर्ष

पुढचं वर्ष दुष्काळाचं. विहिरी आटल्या, ऊस उभा वाळला. गावच्या बायका, माझी बायको शालनसुद्धा, खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जायच्या. मी घरी पोरं आणि म्हशी सांभाळायचो. आणि नवल म्हणजे त्या साली मला त्रास जवळजवळ झालाच नाही. गाव होरपळत होतं आणि माझी छाती मोकळी होती. असं का, हे मला तेव्हा उमगलं नाही. गाव म्हणालं, "घरचं खाऊन बरा झाला." मीही तेच धरून चाललो. पुन्हा भरती करून घेतील का, असाही विचार मनात यायचा.

पाऊसपाणी झालं, ऊस पुन्हा उभा राहिला, आणि धाकटा भाऊ वसंता यानं आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लावलं. चुलवणात उसाचं वाळलं पाचट आणि चिपाडं जळत होती. काहिलीत रस उकळत होता. मी चुलवणाला जाळ घालायला बसलो, कारण बसून करायचं काम म्हणून ते मला दिलं होतं. धूर खाली बसला. मी उठून लांब जायला बघितलं आणि पाय वाकले.

त्यानंतर धाप गेलीच नाही म्हणायला हरकत नाही. आली की दिवसचे दिवस राहायची. जेवण कमी झालं, अंग वाळलं. खोकला सुटला. मग लोक क्षय म्हणायला लागले. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण आईनं माझा पेला वेगळा ठेवला. ठेवताना रडत होती. "पोरं लहान हायती रं," म्हणाली. मी म्हणालो, "ठेव."

उपाय सगळे झाले. अडुळशाचा काढा झाला, अंगारा झाला. एकानं धोतऱ्याची पानं चिलमीत घालून ओढायला दिली. त्यानं धाप थोडी हलली, पण दिवसभर मी भलतंच बडबडत राहिलो आणि संगी, माझी थोरली पोरगी, मला बघून आजीच्या पदराआड गेली. ती पानं पुन्हा घेतली नाहीत. कुणीही घेऊ नयेत.

शेवटी असं ठरलं की मी मळ्यातल्या छपरात राहावं. मोकळी हवा आहे, पोरांपासून लांब आहे. कुणी मला हाकललं नाही. मीच हो म्हणालो. छपरात एका बाजूला कडबा रचला होता, दुसऱ्या बाजूला माझी बाज. कडब्याची कुसळं आणि भुसा दिवसभर हवेत तरंगायचा. छपराच्या फटीतून ऊन आलं की मला तो दिसायचा. मी तोच आत ओढत होतो.

शालन भाकरी घेऊन यायची. कामाची माणूस, थांबायला वेळ नसायचा, तरी थांबायची. एक दिवस म्हणाली, "आवं, रुसलाय का आमच्यावर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग बोलत का न्हाई?"

बोलायचं म्हणजे एका श्वासात किती शब्द बसतील हे आधी जुळवायला लागायचं. ते जुळवेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असतो. हे तिला सांगायलाही तेवढाच वारा लागला असता. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग मोकळं फडकं घेऊन निघून गेली. बांधावरून जाताना तिनं पदर डोळ्याला लावला. हाक मारावीशी वाटली. हाकेला तर सगळ्यात जास्त वारा लागतो.

घरच्या माणसांना एवढंच सांगतो. दम्याचा माणूस गप्प असला तर तो रुसलेला नसतो.

हात वर केला

ती दुपार अशी. ऊसतोड चालू होती, शेजारच्या फडात पाचट पेटवलं होतं. धूर आमच्याकडं आला. मी छपरातून बाहेर आलो आणि बांधाच्या दगडावर दोन्ही हात टेकून पुढं वाकून बसलो. असं बसलं की थोडं बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही. नखं निळी व्हायला लागली. छातीतला आवाजही हळूहळू थांबला, आणि मला वाटलं, कमी होतंय. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की आवाज थांबला आणि धाप तशीच राहिली तर ते सगळ्यात वाईट. वारा हलेनासा झाला की आवाज कशाचा येणार?

समोरून वसंता बैलगाडी घेऊन चालला होता. फार लांब नव्हता. मी हात वर केला. त्यानंही हात वर केला, हसला, आणि बैलांना हाकारा घालत पुढं गेला.

त्यात त्याची काही चूक नाही. लांबून बघणाऱ्याला माणूस दगडावर बसलेला दिसतो, हात हलवतो. पण गाडी वळणाआड गेली. माझं घर, माझी माणसं, माझं शिवार, सगळं डोळ्यांपुढं होतं. आणि मी बुडतोय हे कुणाला कळत नव्हतं.

त्या दिवशी शालन ऊसतोडीच्या टोळीला मोळ्या बांधायला गेली होती, म्हणून माझी भाकरी आबा घेऊन आले. ते कधी येत नसत. मला बघितलं आणि फडकं हातातून सोडलं. माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं आणि अर्धं उचलून, अर्धं ओढत रस्त्यापर्यंत आणलं. कारखान्यावर ऊस टाकून मोकळा परतणारा ट्रक त्याच्यापुढं आडवं उभं राहून थांबवला. ड्रायव्हर काहीतरी म्हणत होता. आबा त्याला म्हणाले, "माझा ल्योक मरतोय. सांगलीला घे."

तोवर माझ्या आजाराला त्यांनी मरण्यासारखं काही मानलेलं मी ऐकलं नव्हतं.

सांगली

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाज शांत. कुणाला काही विचारत न बसता त्यांनी नाकाला ऑक्सिजन लावला आणि शिरेतून इंजेक्शन द्यायला घेतलं. ते फार सावकाश द्यायला लागतं. त्या सिरिंज धरून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, नजर माझ्या तोंडावर. अंग गरम झालं, काळीज धडधडायला लागलं, आणि मग कुठंतरी आत एक दार किलकिलं झालं. श्वास सुटला. पूर्ण नाही, पण सुटला. मला रडू आलं.

बाई म्हणाल्या, "रडू नका आत्ता. रडायलाही श्वास लागतो. नंतर रडा."

बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला समजून बोललं होतं.

दवाखान्यातले दिवस एकासारखे एक. सकाळी फिनेलचा वास, मग चहा, मग गोळ्या. त्या गोळ्यांनी हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा. भेटायची वेळ झाली की शेजारच्या कॉटभोवती माणसं जमायची, डबे उघडायचे. माझ्याकडं आबाच असायचे. तेही कॉटपाशी नाही, दारात उभे. सुगीचे दिवस होते, बाकी कुणाला येणं जमत नव्हतं. मी छताकडं बघत पडायचो. दम लागत नव्हता तरी बोलायची सवय गेली होती.

मग छातीचा फोटो आला. थुंकीही तपासली होती. बाईंनी आबांना आत बोलावलं, फोटो उजेडाकडं धरला आणि म्हणाल्या, "क्षय नाही. दमा आहे. हा कुणाला लागत नाही. त्यांचा पेला वेगळा ठेवायची गरज नाही."

पेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी अशी घरं खूप बघितली असणार.

आबा म्हणाले, "दमा तरण्या माणसाला कसा व्हतो, बाई? रोज पळायचा ह्यो."

बाई आतून एक बारीक रबरी नळी घेऊन आल्या, बोटाएवढी लांब, आतून काडी जाईल एवढी. "आबा, एका हातानं नाक धरा. ही तोंडात धरा. हिच्यातूनच श्वास घ्यायचा. आता व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन या."

आबा हसले, पण पल्टनीत हुकूम ऐकायची सवय होती. नाक धरून, नळी ओठात घेऊन निघाले. ताठ चालत होते. मी कॉटवरून बघत होतो. टोकापर्यंत गेले, वळले, आणि परत येताना त्यांची चाल बदलली. खांदे वर आले. मानेच्या शिरा ताणल्या. डोळे मोठे झाले, आणि ते डोळे मी ओळखले. अर्ध्या वाटेत त्यांनी नळी उपटून फेकली आणि खांबाला धरून तोंड उघडून श्वास घेत राहिले.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला नळी फेकता आली. त्यांना फेकता येत नाही. त्यांच्या छातीतल्या नळ्याच अशा बारीक होतात."

आबा खांब सोडून सरळ झाले. दमानं माझ्या कॉटपाशी आले. पहिल्यांदाच स्टुलावर बसले. म्हणाले, "असं रोज व्हतंय?"

"रोज न्हाई. पण लय येळा."

"आनि मी म्हणलो, काय सांगू लोकास्नी."

मी म्हणालो, "जाऊ द्या आबा." त्यांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली, जी आधीच सारखी होती.

बाईंनी मग खूप विचारलं. त्रास कधी होतो, कुठं होतो, कशानं सुरू झाला, एखादं वर्ष बरं गेलं का? मी आठवत होतो, तेवढ्यात आबाच म्हणाले, "दुष्काळाच्या साली बरा व्हता. गुऱ्हाळ न्हवतं तवा. कडबाबी न्हवता."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, पहिल्यांदा झालं ते कांबळ्यांच्या धुळीत. असं एकेक करून माझा आजार माझ्यापुढं मांडला गेला. तोवर तो मला एखाद्या शापासारखा वाटत होता, कधीही यायचा, कशानंही यायचा. त्या दिवशी कळलं की त्याला कारणं आहेत आणि ती माझ्या बाजेच्या शेजारीच रचून ठेवलेली होती.

साताऱ्याची खोली

बाईंनी स्पष्ट सांगितलं. मुळापासून जाणार नाही, पण हाताशी ठेवता येईल. ऊस, गुऱ्हाळ, कडबा यांपासून लांब राहायला पाहिजे. आमच्या गावात यांपासून लांब म्हणजे गावापासूनच लांब.

साताऱ्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माजी सैनिकांना फाटकावर घेत होते. जगूनं सांगितलं. तोही तोवर पेन्शनवर आला होता आणि साताऱ्यात रिक्षा चालवत होता. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, पल्टन का सोडली. मी म्हणालो, दमा आहे, धुळीत आणि धुरात काम होणार नाही, बाकी फाटक सांभाळीन. त्यांनी घेतलं. ज्यांनी घेतलं नसतं असेही मला माहीत आहेत, म्हणून खरं बोललं की सगळं नीट होतं असं मी सांगणार नाही.

एक खोली घेतली. मला वाटलं होतं शालन आणि पोरं येतील. पण आईचं गुडघ्याचं दुखणं, पोरांची शाळा, जनावरं, वसंताची बायको बाळंतीण. शालन म्हणाली, "मी इथनं उठली तर घर बसंल." खरंच होतं. ती सुट्टीच्या दिवसांत येते, खोली झाडते, मला बाहेर उभं करून अंथरुणं झटकते, पोरांचं सांगते, आणि एस.टी.त बसून जाते. ती गेली की खोलीत तिच्या बांगड्यांचा आवाज नसल्याचा आवाज येतो.

इथं काय शिकलो ते थोडक्यात. माझी धाप एकदम येत नाही. आधी हनुवटीखाली खाज सुटते, शिंका येतात, बोलताना वाक्य तुटायला लागतं. तेव्हाच गोळी घ्यायची, दम लागल्यावर नाही. सुरुवातीला बरं वाटलं की मी गोळ्या बंद करायचो. तसं करून एकदा थेट सरकारी दवाखान्यात पडलो. आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सोडत नाही. गोधड्या धुऊन कडक उन्हात टाकतो. उदबत्ती लावत नाही, देव समजून घेतो. फाटकावर सोबतच्या गड्याला सांगून ठेवलंय की मी पुढं वाकून बसलेला दिसलो तर विचारत बसू नको, रिक्षा बोलाव. आणि हात वर केला तर नमस्कार समजू नको.

गेल्या साली डॉक्टरांनी तोंडात फवारा मारायचा पंप दिला. मुठीत मावतो. पहिल्यांदा मारला तेव्हा थोड्याच वेळात छाती मोकळी झाली आणि मी खोलीत एकटाच मोठ्यानं बोललो, "आरं वा!" ऐकायला कुणी नव्हतं. तरी ते दोन शब्द एका दमात निघाले याचाच मला आनंद झाला.

दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, ऊसतोड आणि गुऱ्हाळं चालू असतात तोवर, मी गावाकडं जात नाही. त्यात दिवाळी येते, संक्रांत येते, लग्नं येतात. संगीच्या साखरपुड्याला मी सकाळच्या गाडीनं गेलो आणि धूर खाली बसायच्या आत माघारी आलो. पाहुण्यांना वाटलं नोकरीची घाई. दम्यानं मला मारलं नाही, पण माझी वर्षं अशी अर्धी-अर्धी कापून घेतली.

आबा

या हिवाळ्यात आबा गेले. ऊन उतरायच्या आत न्यायचं म्हणून जगूनं मला रिक्षानं स्टँडवर सोडलं आणि मी मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. गाव उसाच्या धुरात होतं. पंप खिशात होता. हनुवटीखाली खाजायला लागलं होतं.

मी थोरला. अग्नी मलाच द्यायचा होता. ओढ्याकाठी सगळं रचून तयार होतं. लोक माझ्याकडं बघत होते आणि काही एकमेकांकडं. मी पंप मारला आणि पुढं झालो. वसंतानं माझ्या हातात पेटतं लाकूड दिलं आणि कानाशी आला.

"दादा, अग्नी दिला की माघारी वळ आनि वरच्या बाजूला जा. वाऱ्याच्या वर. थांबू नगंस."

"लोक काय म्हणतील?"

"आबांनीच सांगून ठेवलंय मला. दोनदा सांगितलं. म्हणाले, अग्नी माझ्या मारुतीनंच द्यायचा. पर त्याला माझ्या धुरात उभा करायचा न्हाई."

मी अग्नी दिला. मग वळलो आणि सगळ्यांच्या देखत, थोरला मुलगा असून, माणसांतून बाहेर पडलो. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक उंचवटा आहे, तिथं जाऊन उभा राहिलो. खाली सगळं गाव चितेभोवती होतं आणि मी एकटा वर. धूर सरळ उठला, थोडा वर गेला आणि वाऱ्यानं पलीकडच्या बाजूला वळला. माझ्याकडं आला नाही.

मी श्वास घेतला. सोडला. छातीत आवाज नव्हता. मग मी रडलो, मोठ्यानं, पाहिजे तेवढं. रडायला लागतो तेवढा वारा माझ्याकडं होता.